ज्ञ शेवटीच!

मी 'लाव रे' बोलतोय. दचकू नका, हे माझं नाव आहे. संगणकाच्या पडद्यावर, वरच्या पट्टीत, डावीकडून पहिलं बटण ते मी. धंद्याने मॅक्रो. म्हणजे एकदा करून दाखवलेलं काम पाठ करून ठेवायचं आणि बटण दाबलं की न कुरकुरता तसंच्या तसं करायचं. अक्कल माझी नाही, मालकिणीची.

मालकीण म्हणजे अक्का. एका छापखान्यात ती मजकूर टाइप करायची. तिच्याकडे एक निवृत्त मास्तर, सगळ्यांचे गुरुजी, आपला शब्दकोश घेऊन आले. नऊ हजार शब्द, सगळे चिठ्ठ्यांवर. एक डोळा गेलेला, दुसरा जायच्या वाटेवर. त्या नजरेला डॉक्टरांनी सहा महिने सांगितले होते. तेवढ्यात पुस्तक स्वतः तपासून हातावेगळं करायचं, हाच त्यांचा ध्यास.

अक्काने संगणकाकडून यादी अकारविल्हे लावून घेतली. गुरुजींनी भिंग लावलं आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "क्षमा 'क'मध्ये? ज्ञान 'ज'च्या पोटात? पोरं शाळेत काय शिकतात? शेवटी क्ष, आणि त्याच्याही शेवटी ज्ञ!"

"अहो गुरुजी, कोण बघतंय एवढं?" छापखान्याचे मालक म्हणाले.

"मी बघतोय. दिसतंय तोवर मीच बघणार."

अक्काने ते शब्द हाताने उचलून शेवटी नेले. दोन दिवस गेले. सोमवारी गुरुजी चाळीस नव्या चिठ्ठ्या घेऊन हजर! पुन्हा यादी, पुन्हा उचलाउचल. तिसऱ्या सोमवारी अक्काने बाह्या सरसावल्या.

युक्ती साधी होती. 'क्ष'च्या जागी 'ह्हक' आणि 'ज्ञ'च्या जागी 'ह्हज' लिहायचं, म्हणजे ते शब्द आपोआप 'ह'च्याही मागे जातात. यादी लावायची आणि मग मूळ अक्षरं परत आणायची. तिने हे एकदा करून दाखवलं, संगणकाने टिपून घेतलं, आणि मी जन्मलो. पहिल्या खेपेला मात्र परत आणायची पायरी तिच्याकडून राहिली आणि गुरुजींच्या हातात 'ह्हकमा', 'ह्हजान' पडलं.

"अक्का, यादीला दमा लागलाय का गं?" म्हणत ते पोट धरून हसले.

अक्काने मला पुन्हा नीट घडवलं. तिला वीज जाण्याची भारी धास्ती, म्हणून काम ती नेहमी दोनदा जतन करायची. तेही टिपलं गेलं. ती माझी जन्मखूण.

मग तिने मेनू साफ केला. कधी न लागणारी बटणं काढली आणि मला पहिला मान दिला. मालक ओरडले, "बाकीची बटणं कुठं गेली?"

"नुसती जागा अडवून बसली होती," अक्का म्हणाली.

दर सोमवारी मी शब्द लावत गेलो. पाचव्या महिन्यात शेवटचं पान आलं. गुरुजींनी भिंगाखाली शेवटच्या शब्दावर बोट ठेवलं: ज्ञेय. मग सही केली. सही ओळीबाहेर गेली होती.

पुढे अक्का निवृत्त झाली, संगणकही बदलला. नव्या संगणकाने मला पाहताच पिवळी पट्टी झळकवली: 'मॅक्रो बंद केले आहेत. ते घातक असू शकतात.' घातक! मी! आयुष्यात एक अनुस्वार इकडचा तिकडे केला नाही. फार लागलं मनाला. तरी वर्षानुवर्षं गप्प पडून मी एकही पायरी विसरलो नाही.

परवा गुरुजी काठी टेकत आले. आता दिसत नाही, पण कोशाची दुसरी आवृत्ती काढायचीच होती. अक्काच्या जागी आता तिची भाची बसते. तिने यादी लावून शेवटचं पान वाचून दाखवलं आणि 'ह्रास'पाशी थांबली.

"संपली?" गुरुजी ताठ झाले. "शेवट 'ह्रास'वर? छट्! अक्काचा तो 'लाव रे' कुठं गेला?"

भाचीने फोन लावला. "मावशी, तो घातक आहे म्हणतंय गं हे!"

"म्हणू दे. मी घडवलाय त्याला. 'चालू करा' दाब."

तिने दाबलं. मी धावलो.

तुम्हालाही एवढंच सांगणं: पिवळी पट्टी दिसली की आधी विचारा, हा कुणाचा? ओळखीचा निघाला, तर त्याला काम करू द्या.

"माझं बोट शेवटच्या शब्दावर ठेव," गुरुजी म्हणाले.

भाचीने त्यांचं बोट धरून पडद्यावर टेकवलं. "ज्ञेय."

"हां! आता सोमवारी येतो. अजून चाळीस शब्द आहेत."

तोवर मी यादी जतन केली होती. दोनदा.