नॉकाराचा हिरवा झेंडा

मित्रांनो, मी नॉकारा गावचा हिरवा झेंडा आहे. आता वय झाले, रंग उडाला, एका कोपऱ्याला ठिगळही लागले. पण एक गोष्ट मी छातीठोकपणे सांगतो. मी आयुष्यात एकदाही खोटा वर गेलो नाही.

माझा जन्म आयर्लंडमधल्या टिपरेरीतल्या एका स्वयंपाकघरात झाला. नोनी ग्लीसनने शाळेच्या टाकाऊ पडद्यातून मला कापले आणि चुलीपाशी बसून शिवले. माझा दांडा म्हणजे तिच्या नवऱ्याची, मॅलकीची, हर्लिंग या आमच्या हॉकीसारख्या खेळातली मोडलेली काठी. ती अंतिम सामन्यातच मोडली होती आणि गाव हरले होते. तेव्हापासून विजेतेपदाने नॉकाराला हुलकावणीच दिली. म्हणजे माझा निम्मा देह पडद्याचा आणि निम्मा पराभवाचा! तरी माझी मान ताठ.

माझे काम सोपे होते. मला घेऊन गोलाच्या एका खांबाशी मॅलकी उभा राही आणि दुसऱ्या खांबाशी समोरच्या गावचा पंच. चेंडू आडव्या दांडीवरून गेला तर एक गुण. तेव्हा त्या दुसऱ्या पंचाचा पांढरा झेंडा वर जाई. चेंडू दांडीखालून आत गेला तर तीन गुण, आणि तेव्हा पाळी माझी. पांढरा बिचारा दिवसभर वरखाली करून दमून जाई. मी क्वचित उठे, पण मी उठलो की सारे मैदान उठे. मॅलकीचा पंचाचा पांढरा कोट खाटकाकडून मागून आणलेला असे. त्याला सॉसेजचा वास येई आणि गावातली कुत्री आमच्यामागे मैदानापर्यंत येत.

एकोणीसशे बावन्नचा तो मोसम मी कसा विसरेन? पहिली फेरी आम्ही चिखलात जिंकलो. उपांत्य सामना वाळत घातलेल्या गवतापायी दोनदा पुढे गेला, कारण गवत भिजले तर हिवाळ्यात गाईंपुढे काय टाकायचे? गोलात उभा होता मॅलकीचा मुलगा फिंटन. चेंडू अडवण्यात तो पट्टीचा. अंतिम सामन्यात आमची गाठ किलब्रॅकन गावाशी पडली. त्यांचा पंच जॉनजो क्वर्क मला बघून मॅलकीला म्हणाला, "हे फडकं घरी ठेवलं असतंस तरी चाललं असतं रे. तुझं पोरगं काही आत जाऊ देत नाही."

"असू दे. तेवढीच फडक्याला हवा लागते," मॅलकी म्हणाला.

सामना संपत आला होता आणि आम्ही दोन गुणांनी पुढे होतो. आमचे लोक मैदानाच्या कडेला टोप्या हातात घेऊन उभे होते. एवढ्यात उंचावरून एक चेंडू गोलासमोर पडला आणि त्यावर दहा-बारा गडी तुटून पडले. काठ्यांचा कडकडाट झाला. त्या रेटारेटीत जॉनजो आडवा झाला आणि मॅलकीपुढे दोन रुंद पाठी आल्या. गर्दी बाजूला झाली तेव्हा फिंटन गोलाच्या रेषेबाहेर, मैदानाच्या बाजूला पालथा पडला होता आणि चेंडू त्याच्या पोटाखाली होता.

किलब्रॅकनचे खेळाडू गोल, गोल म्हणून ओरडू लागले. आमचे नाही म्हणून त्यांच्याहून मोठ्याने ओरडले. रेफरी लांब होता. त्याने मॅलकीकडे बोट दाखवले. मॅलकीने काहीच पाहिले नव्हते, आणि ते त्याच्याइतकेच मलाही ठाऊक होते.

तो मुलाजवळ वाकला आणि हळूच म्हणाला, "फिंटन, आत गेला होता का?"

फिंटनचा ओठ फुटला होता. त्याने एकदा आपल्या संघाकडे पाहिले.

"गेला होता, डॅडी. मी आतून बाहेर ओढला."

मी वर गेलो. मित्रांनो, तेव्हाइतका जड मी कधीच नव्हतो. एका गुणाने आम्ही हरलो.

गावकरी लॉरीतून परतले. त्यात आम्हाला कोणी जागा दिली नाही. मॅलकी, फिंटन आणि मी सायकलींवरून मागाहून आलो. वाटेत मॅलकीने मुलाला बजावले की तू बोललास हे कोणाला कळता कामा नये. मी स्वतः पाहिले, असेच मी सांगणार, असे तो म्हणाला. तो दिल्या शब्दाला जागला. दूध डेअरीवर लोक त्याला चष्म्याचे दुकान सुचवत. दुकानातल्या गप्पा नोनी आत शिरताच थांबत. माझे तर हालच झाले. ती माझ्याने तापलेले भांडे उतरवू लागली आणि माझा कोपरा जळला. ती बिचारी रागवणार तरी कोणावर?

जानेवारीत शाळेत क्लबची सभा भरली. मॅलकीकडून झेंडा काढून घ्यावा, अशी सूचना आली. मला टेबलावर आडवे टाकले होते. मॅलकी खाली मान घालून बसला होता. तेव्हा फिंटन उठला.

"डॅडींना काही दिसलंच नव्हतं. त्यांनी मला विचारलं आणि मी खरं ते सांगितलं. झेंडा घेणार असाल तर माझी जर्सीही घ्या."

सगळे कप्तान मॉसी टूमीकडे पाहू लागले. हरल्यावर हा दांडगा गडी सर्वांदेखत रडला होता.

"मी तुझ्या जागी असतो तर गप्प बसलो असतो," मॉसी सावकाश म्हणाला. "आज कप त्या कपाटात असता. आणि मला त्याच्याकडे धड बघवलं नसतं. खाली बस, फिंटन. जर्सी तुझीच. आणि मॅलकी, उचल तुझा झेंडा."

मॅलकीने मला उचलले. त्या रात्री नोनीने हे ठिगळ लावले, तेही आपल्या चांगल्या झग्याच्या कापडाचे.

पुढे आमच्या भागात एक गंमतच झाली. चेंडू रेषेवर अडकला की जॉनजोसकट कोणीही पंचाकडे पाहीनासे झाले. सगळे फिंटनकडे पाहत. तो होय किंवा नाही अशी मान हलवी आणि खेळ पुढे सुरू होई.

मित्रांनो, मला कसर लागू देऊ नका, एवढे केलेत तरी मला पुरे. कापड फाटले तर शिवता येते. पण तुमच्यातलाच एखादा तुमच्याविरुद्ध खरे बोलला आणि त्यामुळे तुम्ही हरलात, तर त्या संध्याकाळी त्याला तुमच्या लॉरीत जागा द्या.