वरवरचे टाके

हाजा फुतूम सुनेच्या नावानं खडे फोडत होती आणि रऊफा सुईण त्याच सुनेच्या, उलफतच्या, नऊ महिन्यांच्या पोटावर बाळाचं डोकं चाचपत होती.

"बघ गं बाई, एका दुपारच्या नमाजाला हिचं चारदा वजूचं हातपाय धुणं! पाणी काय इब्बच्या डोंगरावरून चालत येतं? संशयाचं भूत बसलंय मेलीच्या मानगुटीवर. शेखकडून दुआ फुंकून आणली, ताईत बांधला, पण फरक म्हणून नाही!"

"कधीपासून हे?" रऊफानं सहज विचारलं.

"हमूद झाल्यापासून. झाली की तीन वर्षं."

रऊफाचा हात पोटावरच थांबला. हमूदच्या वेळचं बाळंतपण तिनंच केलं होतं. उलफत पहिलटकरीण, बाळ चांगलं साडेचार किलोचं, तेही तोंड वर करून आलेलं. सात बायका एका सुरात 'जोर कर, जोर कर' ओरडत होत्या, आणि त्यांत रऊफाही! ना ऊन पाण्याचं फडकं लावलं, ना डोक्याला हाताचा आधार देऊन हळूहळू येऊ दिलं. पोरगी मागपर्यंत फाटली. रऊफानं वरून टाके घातले, पण बोट घालून गुदद्वाराचा स्नायू शाबूत आहे का हे बघायचं राहिलं. राहिलं कसलं! कॉफी आली, मुबारकबाद सुरू झाली, आणि रऊफा बाईसाहेब हात धुऊन उठल्या.

"हाजा, जरा चहा टाकतेस?" तिनं सासूला बाहेर काढलं आणि उलफतला हळूच विचारलं.

उलफत भिंतीकडे बघत म्हणाली, "वारा धरवत नाही, खाला. लगेच वजू मोडते, मग पुन्हा धुवायचं. कधी कधी... वाऱ्याहून जास्त होतं. मूल झालं की सगळ्याच बायकांचं असंच होतं ना?"

"नाही गं, पोरी."

पुन्हा घरी बाळंतपण केलं तर उरलंसुरलंही जाणार होतं. शहरातल्या इस्पितळातच न्यायला हवं. कदाचित पोट चिरूनच बाळ काढतील. बाळ आडवं आहे असं ठोकून दिलं असतं तर हाजानं डोळे मिटून विश्वास ठेवला असता, आणि रऊफाचं नावही राहिलं असतं. पण मग जुनी जखम कोण तपासणार? पोरगी जन्मभर संशयीच ठरली असती.

हाजा चहा घेऊन आली.

"हाजा, हिला भूतबीत काही नाही," रऊफा म्हणाली. "मागच्या वेळी मीच नीट शिवलं नाही. आतला स्नायू फाटलाय, म्हणून हिची वजू टिकत नाही. उद्याच इस्पितळात नेऊ. मी सोबत येते, डॉक्टरला सगळं सांगते."

हाजानं चहा तसाच जमिनीवर ठेवला.

उलफत हाताचा टेकू घेऊन उठून बसली. रडली नाही.

"तीन वर्षं दर ईदला माझ्या शेजारी बसून जेवतेस, खाला," ती म्हणाली. "एकदा तरी विचारायचंस गं."