साखर की रेती?

मेहकर रोडवरच्या टिनाच्या शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. शर्करानाथ महाराज (हो, हेच नाव, आणि तेही गंभीर चेहऱ्यानं घेतलेलं) एकेकाच्या जिभेवर हिरवं भस्म चोळत होते. भस्म हिरवं कसं, हे विचारायची कुणाला पडली होती! मग गुळणी, मग चमचाभर साखर.

"बोल बेटा, साखर की रेती?"

"रेती, महाराज! रेती!"

"निघाली अंगातली साखर! सुई बंद, गोळी बंद! पण उद्या दिवस निघेपर्यंत तोंडाले गोड लावू नका. कोप होते!"

जयजयकार झाला. टिन हादरलं.

रेणुका वडिलांच्या, पुंजाजींच्या, मागे रांगेत उभी होती. गेल्या महिन्यात तिच्या आईनं, महामायाबाईंनी, इथंच रेती खाल्ली, इन्सुलिन सोडलं आणि त्या गेल्या. तेव्हापासून रेणुकाला रडू येत नव्हतं, भूकही लागत नव्हती. आता पुंजाजींनी स्वतःची सुई बंद केली होती. "तुह्या मायची श्रद्धा कमी पडली," म्हणाले. घरात भिंतीवर बाबासाहेब, आणि हा माणूस रांगेत! चिडायला हवं, हे तिला कळत होतं. पण राग येत नव्हता.

पुंजाजींना रेती लागली. त्यांच्या मागोमाग रेणुकानंही जीभ पुढे केली. खरोखर रेती! पण नोकरीची सवय जाते कुठे? संभाजीनगरच्या बिस्किट कारखान्यात ती चव तपासायची. घास तोंडात असेपर्यंत आणि गिळल्यावरही सांगत राहायचं, आधी काय लागलं, मग काय, शेवटी काय उरलं. चव बदलत जाते, एकदाच विचारून ती कळत नाही.

तिनं वडिलांना बाहेर लिंबाखाली बसवलं, दुकानातून साखर आणली.

"बाबा, पुन्हा चाखा."

"कोप होईल, पोरी!"

"होऊ द्या. मले भी होईल."

तिचा तो कोरा आवाज ऐकून पुंजाजींनी मुकाट्यानं जीभ काढली. रेती. थोड्या वेळानं पुन्हा. रेतीच. नुकतंच भस्म घेतलेला शकील नावाचा पोरगा शेजारी येऊन बसला. "मले भी द्या, ताई." बघता बघता घोळका जमला.

अर्धा तास उलटून गेला आणि शकील उठलाच. "अरे, गोड लागून राह्यलं बे!"

आतून चेला धावत आला. "कोण पापीण आहे ते? भस्म बाटवलं!"

"हे भस्म नाही, गुडमार वेलीचा पाला हाये," रेणुका म्हणाली. कारखान्यात चव तपासायला शिकताना तिनं तो चाखला होता. "त्यानं जिभेले अर्धा तास, फार तर तासभर गोड कळत नाही, बस. रक्तातली साखर तिथंच राह्यते. म्हणून तर उद्यापर्यंत चाखू देत नाही!"

घोळका शेडकडे वळला. आतला माईक बंद पडला.

पुंजाजी मात्र हलले नाहीत. साखर तोंडात विरघळत होती.

"गोड लागते, बाबा?"

"हाव." त्यांनी ओठांवरची साखर पुसली. "रेती खाल्ली त्याच राती तुही माय म्हणे, चहा गोड लागून राह्यला. म्या म्हटलं, चूप राह्य, कोप होईल."

रेणुकाला तेव्हाही रडू आलं नाही. तिनं त्यांचा हात धरला. "उठा. दवाखान्यात जाऊ."

बाप-लेक एसटीची वाट बघत उभी राहिली. वाचणाऱ्यांनो, कोणी चमत्कार दाखवला तर घाई करू नका. तासभर थांबा, पुन्हा चाखून बघा, रक्त तपासा. आणि घरातलं माणूस म्हणालं की चहा गोड लागतोय, तर त्याला चूप बसवू नका.