शंभर टक्के मतदान

तुमचा विश्वास बसणार नाही, पण नव्व्याण्णव साली तळेगावात आमच्या बूथवर शंभर टक्के मतदान झालं. तापानं फणफणलेले खाटेसकट आले, जन्माचे वैरी भाऊ एका बैलबंडीत आले. फक्त माझी बायको कोकिळा मत न देता परतली.

गिरणीतून निवृत्त होऊन आम्ही पुलगाव सोडलं, तेव्हा दोघांची नावं इथल्या यादीत नव्यानं घालायची होती. फॉर्म मीच भरले, आष्टीच्या तहसिलीत मीच घेऊन गेलो. मतदानाला ती ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून दोन तास रांगेत उभी राहिली. माझं नाव निघालं, तिचं नाही. "तुमी देऊन या, मी आहो इथंच," म्हणाली. मी देऊनही आलो.

यादीबाहेरच्या माणसाला गैरहजरांतही मोजत नाहीत. म्हणून आमचे शंभर टक्के शंभरच राहिले. पुढच्या निवडणुकीआधी ती गेली.

"पण तिचा फॉर्म गेला कुठं, तानबाजी?" ओट्यावर बसलेल्या चंद्रभाननं विचारलं.

"अरे, तहसिलीच्या पायरीवर माकडानं हिसकला! माझा सोडला, तिचाच नेला. मी त्याच्यामागं चिंचेवर चढलो, तर..."

तेवढ्यात सून जया चहा घेऊन बाहेर आली. "खोटं नोका बोलू, मामाजी. माकडाले काऊन बदनाम करता? फॉर्म तुमच्या कोटाच्या खिशातच होता. दिवाळीत कोट धुताना सासूबाईलेच सापडला. 'त्यायले सांगू नोको, जिवाले लावून घेतीन,' म्हणे."