शेवटचे तीन सेकंद

ऑफिसात तिला सगळे ‘चाळणी’ म्हणायचे. तिच्या नजरेतून चूक सुटत नसे म्हणून. काम किचकट. ब्राउझरचं नवं अपडेट आलं की भिंतीवरच्या फळ्यांवर मांडलेल्या बत्तीस फोन-टॅबलेटवर तीच ती फाइल लावायची आणि कुठे वाजते, कुठे अडते ते तक्त्यात भरायचं. तिच्याकडे खुले कोडेक होते. आवाज किंवा चित्र लहानशा फाइलीत बसवायच्या, कुणाच्याही मालकीच्या नसलेल्या पद्धती. काही यंत्रं त्यांना दारातही उभं करत नसत.

चाचणीची फाइल तिच्या धाकट्या भावाची. तोही याच खोलीत कामाला होता आणि खुल्या कोडेकचा त्याला भारी पुळका. नमुना हवा म्हणून त्याने घरी बसून स्वतःचाच आवाज रेकॉर्ड केला होता. “येतंय का ऐकू? एक, दोन, तीन...” असे अकरा सेकंद. तीन वर्षांपूर्वी साध्या तापाचं निमित्त होऊन तो गेला. साहेबांनी फाइल बदलू का विचारलं, तेव्हा ती “राहू द्या” म्हणाली. दर सोमवारी सकाळी तो बत्तीस ठिकाणांहून, जरा मागेपुढे, आकडे मोजायचा आणि ती मान खाली घालून तक्ता भरायची.

त्या सोमवारी अपडेट झालेला खिडकीजवळचा फोन थांबलाच नाही. बाकीचे गप्प झाले आणि त्या एकट्यातून भाऊ म्हणाला, “ताई, जरा ऐकतेस का?”

मग दुसऱ्या खोलीतून यावा तसा लांबून आवाज आला, “आत्ता नाही रे. नंतर.”

तो आवाज तिचाच होता.

“अगं, पांढरीफटक पडलीस!” शेजारच्या टेबलावरची इंजिनिअर मैत्रीण धावत आली. सगळं ऐकल्यावर तिने फाइल उघडून पाहिली. “ही मुळात चौदा सेकंदांची आहे. आधीचे ब्राउझर शेवट कापत होते. याने पहिल्यांदाच पूर्ण वाजवली. भूतबीत काही नाही गं.”

पटलं, पण जीव थाऱ्यावर आला नाही. आपण असं कधी म्हणालो, नंतर त्याच्याकडे गेलो की नाही, काही केल्या तिला आठवेना. इकडे अपडेट एकेका यंत्रावर पोचत होतं. बुधवारी सात फोन तिला हाक मारू लागले, शुक्रवारी एकोणीस. आणि प्रत्येकातून तीच त्याला वाटेला लावत होती.

“शेवट कापून टाकू?” मैत्रिणीने हळूच विचारलं.

“नको. आईने ऐकलेलं नाही अजून.”

साहेबांना सांगून तिने खिडकीजवळचा फोन घरी नेला. आईने तो कानाला लावून दोनदा ऐकला.

“मग गेलीस का त्याच्याकडे?”

“आठवत नाही गं, आई.”

आईने तिची समजूत घातली नाही. तिसऱ्यांदा फाइल लावली आणि एकदम बोट वर केलं. “थांब. मागे भांडी वाजताहेत बघ. ती मी. म्हणजे मीही घरातच होते, आणि मलाही काही आठवत नाही.”

मग आईजवळून उठून ती आतल्या खोलीत वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालू लागली. बाहेर आई पुन्हा पुन्हा ऐकत होती. आकडे संपले.

“ताई, जरा ऐकतेस का?”

हातातली चादर तिथेच टाकून ती धावत बाहेर आली. “आले रे, बोल!”

आईने चमकून वर पाहिलं. फोनमधून शांतपणे उत्तर आलं, “आत्ता नाही रे. नंतर.”