नानांनी निवडलेली जाड चाकांची गाडी

मित्रांनो, जरा वर फळीवर बघा. जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं जे गाठोडं दिसतं ना, ती मी. रिमोटवर चालणारी एक जुनी गाडी. मला खेळणं म्हणू नका. खेळणं खुळखुळ्याला म्हणतात, बाहुलीला म्हणतात. मला चार जाड चाकं आहेत, चाकागणिक स्प्रिंग आहे. धुळ्याची पांझरा नदी मी उभी-आडवी तुडवलेली आहे. आज अंगावर धूळ बसली म्हणून मला कोणी हलकी समजू नये.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. कोणाच्या तरी चपळ बोटांनी माझे स्क्रू आवळले, मला खोक्यात बसवलं आणि झाकण लावलं. मग जहाज झालं, मुंबई झाली आणि एके दिवशी झाकण उघडलं, तर समोर धुळ्याचा आग्रा रोड. भाईदास शेठच्या दुकानातल्या काचेच्या कपाटात मला जागा मिळाली. तीही खालच्या कोपऱ्यात. मधली जागा एका लाल शर्यतीच्या गाडीला होती. काय तिचा तोरा! अंग चकचकीत, पण पोट जमिनीला टेकलेलं. वरच्या कप्प्यात एक जीप होती. ती दिवे लावायची, भोंगा वाजवायची आणि भिंतीला धडकून परत फिरायची. गिऱ्हाइकं त्या दोघींकडे बघायची. माझ्याकडे बघून म्हणायची, "ही काय, खेकड्यासारखी?" मी मनात म्हणायची, येईल, माझंही माणूस येईल.

ते आलं उन्हाळ्याच्या तोंडाशी. शालिग्राम नाना त्यांचं नाव. सगळी उमर ट्रक चालवण्यात गेलेली. नजर कमी झाली तशी गाडी सोडली. बायको आधीच गेलेली. नदीकाठच्या दोन खोल्यांत एकटेच राहायचे. मुलगी मंदा जळगावला मेहरूणमध्ये दिलेली. तिची पोर उज्ज्वला, नऊ वर्षांची, तिला सगळे उज्जू म्हणायचे.

नाना दुकानात आले आणि स्टुलावर बसून भाईदास शेठला म्हणाले, "शेठ, आखाजीले पोर येणार शे, नातीले घेऊन. मागल्या टायमाला नात आईला म्हणे, नानांकडे करमत नाही, नाना नुसते खाटेवर बसतात. तिला असं काहीतरी दाव, की तिनं परत जायचं नाव नको काढायला."

आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, हे तुम्हाला ठाऊक आहेच. लेक तर येणारच होती. नात राहते की आईच्या मागे लगेच एस.टी.त बसते, एवढाच नानांच्या जिवाला घोर होता.

शेठने लाल गाडी काढली. "ही घ्या नाना. फरशीवर सोडली की वाऱ्यासारखी जाते."

"फरशी कोणाकडे शे? माझ्या घरात शेणानं सारवलेलं. बाहेर खडी. खडी संपली की नदी." नानांनी तिच्या पोटाखाली बोट घालून पाहिलं. "बोट बी जात नाही. पहिल्या खड्याला अडकून बसेल ही."

शेठने जीप काढली. भोंगा वाजवून दाखवला.

"भोंग्यानं चाक फिरतं का, शेठ? ठेव तिले. ती खालची काढ, कोपऱ्यातली."

"ती? ती बग्गी आहे नाना. दिसायला जरा अशीच आहे."

दिसायला अशीच! माझ्या तोंडावर! पण नानांनी मला हातात घेतलं आणि मी अपमान विसरले. त्यांनी पाठीवर तळवा ठेवून मला दाबलं. मी बसले आणि टुणकन उठले. चाकांवरच्या गाठी त्यांनी अंगठ्याने एकेक चाचपल्या. मला उलटी करून विचारलं, "सेल कोणते खाते? पानवाल्याकडे मिळतात ते चालतील का? आणि हे चार स्क्रू काढले की पोट उघडतं ना? जी गाडी रस्त्यात उघडता येत नाही ती घेऊ नये." शेठ हो हो म्हणत होता. तेवढ्यात नानांनी मला गल्ल्यावरून सरळ खाली सोडून दिलं.

"अहो नाना! घ्यायच्या आधीच आपटता?"

"मग घेतल्यावर आपटून काय उपयोग? पोरगी आपटणारच. शर्यत लावायची नाही माले. तिनं उधळायची, दगडावर घालायची, उलटली तर सुलटी करून परत पळवायची."

मी दोनदा उडाले आणि चारी चाकांवर उभी राहिले. लाल बया काचेतून बघत होती. बघू दे.

"हाईच दे," नाना म्हणाले.

मित्रांनो, लोक रंग बघून घेतात, आवाज बघून घेतात. मला माझं काम बघून घेतलं. असं निवडून घेतलं जाणं सगळ्यांच्या नशिबी नसतं.

आखाजीला मंदा आली. मागे उज्जू, दोन वेण्या, तोंड फुगलेलं. उंबऱ्यातच तिने विचारलं, "आई, आपण परवा जायचं ना?" नानांनी मला ओट्यावर ठेवलं आणि रिमोट तिच्या हातात दिला. तिने कांडी पुढे ढकलली. मी निघाले ती पायऱ्या उतरून, खडी ओलांडून थेट शेजारच्या भागाबाईच्या वाळत घातलेल्या मिरच्यांत.

"अहो नाना, नातीला आवरा! माझ्या मिरच्यांत मोटार घातली!"

"भागाबाई, रस्त्यात मिरच्या घालशील तर मोटारी जाणारच. धुळ्यात नवी आली का तू?"

उज्जू खदखदून हसली. मंदा दोन दिवसांनी गेली. उज्जू गेली नाही.

रोज ऊन कललं की आम्ही नदीवर. पांझरेला उन्हाळ्यात पाणी ते किती, एका कडेला ओहोळ तेवढा. बाकी वाळू, गोटे आणि वाळलेला गाळ. नानांना लांबचं दिसायचं नाही. मग रिमोट नानांच्या हातात आणि नजर पोरीची. "नाना, पुढे गोटा! वळवा, वळवा!" नाना वळवायचे, मी गोट्यावरून उडी घ्यायची, कधी उलटी पडून चाकं हवेत फिरवायची. उज्जू पळत येऊन मला सुलटी करायची. माझं नाक फुटलं, एक आरसा गेला, पाठीवर चरे पडले. कोणी हळहळलं नाही. मला त्याच्यासाठीच तर आणलं होतं!

दिवाळीत ती परत आली. पुढच्या आखाजीलाही आली. ती गेली की घर एकदम मुकं व्हायचं. नाना माझे सेल काढून ठेवायचे, फडक्याने मला पुसायचे आणि फळीवर ठेवायचे. कधी चहा पिताना वर बघून म्हणायचे, "काय वं, करमत नाही ना?" मी काय बोलणार? पण नव्हतंच करमत.

मग तो दसरा आला.

दसऱ्याला गाडीची पूजा करायची हे नानांच्या अंगात मुरलेलं. ट्रक गेला, पण रीत कुठे जाते? सकाळीच त्यांनी मला धुतल्यासारखं लख्ख पुसलं. झेंडूची इवलीशी माळ घातली, हळदकुंकू लावलं, आपट्याचं पान ठेवलं. पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं. सेल घातले, बटण चालू केलं, कारण पूजा झाली की गाडी लिंबावरून पुढे न्यायची असते. दिवाळीला उज्जू येणार, त्याच्या आधी गाडीला देवाचा हात लागू दे, असं म्हणत नानांनी नारळ फोडला आणि त्याचं पाणी माझ्या बोनेटवर ओतलं.

ट्रकच्या बोनेटवरून पाणी ओघळून रस्त्यावर जातं. माझ्या बोनेटला फटी होत्या. पाणी सरळ पोटात गेलं. नानांनी कांडी ढकलली. आत चर्र झालं, करपल्याचा वास आला आणि थोडा धूर निघाला. लिंबू तसंच राहिलं.

गोट्यांनी मला मारलं नाही. गल्ल्यावरून पडले, मेले नाही. मायेने ओतलेल्या त्या पाण्याने माझा घात केला. रागवायचं तरी कोणावर?

नानांनी पोट उघडून मला उन्हात ठेवलं. फुंकलं, पुसलं, चुलीजवळ धरलं. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या झुलालकडे नेलं. तो म्हणाला, "नाना, आतली पट्टी जळाली. बाहेरचा माल, इथे मिळायचा नाही."  घरी आल्यावर नाना खाटेवर बसले आणि मला म्हणाले, "आते उज्जू कसाले येईल?"

भाऊबीज जवळ आली तसे नाना कोपऱ्यावरच्या फोनवाल्याकडे गेले. परत येऊन भागाबाईला सांगत होते, ते मी ऐकलं. "मंदाला सांगितलं, यंदा येऊ नका. घराला रंग देतोय."

"रंग? कधी आणला?" भागाबाई म्हणाली.

"आणू."

आखाजीलाही त्यांनी तेच सांगितलं. त्यापुढच्या दिवाळीलाही. आयुष्यभर एक गाडी रस्त्यात बंद पडू दिली नाही म्हणून छाती काढून चालणारा माणूस. नातीला काय सांगेल, नारळाच्या पाण्याने बिघडवली म्हणून? त्यापेक्षा एकटं राहणं त्यांना सोपं वाटलं. मला त्यांनी धोतरात गुंडाळून फळीच्या मागच्या कडेला सरकवलं, डोळ्यांसमोर नको म्हणून. मग खाली खाटेवर ते आणि वर मी. दोघं एका खोलीत होतो, पण एकमेकांकडे बघत नव्हतो. शेजारी आखाजीचे झोके बांधले जायचे, पोरींचा गलका यायचा. नाना दार लोटून घ्यायचे.

शेवटी एका आखाजीला निरोप न देताच दारात पावलं वाजली.

"बाबा, रंग कुठे आहे?" मंदाचा आवाज.

"कोणता रंग?"

"दोन वर्षं झाली, घराला रंग देताय ना? भिंत तशीच काळी!"

 मग दुसरा आवाज आला. ओळखीचा, पण मोठा झालेला. "नाना, माझं काही चुकलं होतं का? म्हणून येऊ नका म्हणायचात?"

 मग स्टूल ओढल्याचं ऐकू आलं, नानांचा हात फळीवर चाचपडत आला आणि त्यांनी मला खाली घेतलं. गाठ सोडून त्यांनी मला पोरीपुढे धरलं.

"बंद पडली हाई. मीच बिघडवली, पूजा करून. म्हटलं, आता तू काय बघायला येशील? इथे शे काय? खाट शे, आणि मी."

उज्जूने मला हातात घेतलं. चाक फिरवून पाहिलं. उंच झाली होती, वेणी एकच होती. "खरं सांगू?" ती म्हणाली. "पहिल्या वेळी मी गाडीसाठीच राहिले."

"आणि मग?"

"मग कितीतरी दिवस आपण गाडी नेलीच नाही. नुसते वाळूत बसायचो. तुम्ही घाटातल्या गोष्टी सांगायचात. विसरलात?"

नाना विसरले होते. मी नव्हते विसरले. अशा कित्येक संध्याकाळी मी याच फळीवर काढल्या होत्या. तुम्हाला मघाशी "रोज" म्हणाले, ते रोज नव्हतं. पण आपला मान आपणच ठेवावा लागतो.

नाना डोळे पुसत म्हणाले, "येडी पोर. आधी का नाही बोललीस?"

"तुम्ही येऊ दिलं तर बोलणार ना! उठा. नदीवर जाऊ."

"गाडीशिवाय?"

"पाय आहेत ना दोघांना?"

"ये ना वं मंदा, तू बी चाल," नाना म्हणाले.

"तुम्ही व्हा पुढे. मी आधी हे घर झाडते. काय दशा करून ठेवलीय!"

नानांनी काठी घेतली. उज्जूने त्यांचा दुसरा हात धरला. दोघं बोलत बोलत पायऱ्या उतरले. मी खाटेवर होते. मला वाटलं, उंबऱ्यातून एकदा तरी वळून बघतील. खडीवरून त्यांची पावलं लांब गेली. मंदाने झाडताना मला उचललं, फडक्यात बांधलं आणि वर ठेवून दिलं.

त्यानंतर उज्जू दर सुट्टीला यायची, आणि मी वरच असायची.

तर मित्रांनो, वस्तू आणाल तेव्हा नानांसारखी पारखून आणा. तिच्याकडून काय काम घ्यायचं ते आधी ठरवा, मग रंग बघा. आणली की वापरा. चरा पडला म्हणून वस्तू रडत नाही. पडून राहिली की रडते. ठेवायची असेल तर आतले सेल काढून ठेवा. झुलालकडून आल्यावर माझे सेल काढायचे राहून गेले, ते आता पोटात गळलेत. पूजा करायची असेल तर लांबून हात जोडा, पाणी ओतू नका.

आणि तुमचे कोणी नाना, आबा, अक्का म्हणाले की यंदा येऊ नका, घराला रंग देतोय, तर अजिबात ऐकू नका. एस.टी.त बसा आणि जा. भिंत स्वतःच्या डोळ्यांनी बघा. म्हाताऱ्याचा हात धरून त्याला बाहेर काढा. तेव्हा मला बरोबर नेलं नाही तरी माझी हरकत नाही.

खोटं कशाला बोलू? हरकत आहे. पण तुम्ही जा.