तीन घरांची सावली

मुलुंडच्या त्या चार मजली सोसायटीत रोज सकाळी दूध येण्याआधी हवामानाचा अंदाज येतो. सेक्रेटरी शरच्चंद्र भागवत तो न चुकता ग्रुपवर टाकतात. त्या दिवशीही आला. किनारपट्टीवर उष्ण व दमट हवामान, पिवळा इशारा, ज्येष्ठांनी दुपारी घराबाहेर पडू नये, भरपूर पाणी प्यावे. खाली जोडलेले हात, आणि पाठोपाठ बाकीच्यांचे अंगठे.

चौथ्या मजल्यावर निलेश घाडीने तो वाचला आणि फोन गादीवर आपटला. घराबाहेर पडू नये म्हणे! इथे घरातच वाट लागली होती.

गच्चीचा स्लॅब थेट त्यांच्या डोक्यावर. दुपारी तो असा तापायचा की पंखा लावला तर गरम झळा अंगावर यायच्या, आणि भिंतीला हात लावला तर चटका बसायचा. त्या खोलीत त्याची आई विमला खाटेवर पडून असायची. गेल्या वर्षी लकव्याने तिची डावी बाजू गेली होती. ए.सी. लावून पाहिला, पण आखडलेल्या अंगाला गार हवा सोसेना, ती कळवळायची. पलीकडचा हॉलही त्याच स्लॅबखाली. माणसाने जायचं कुठे?

निलेशचे वडील सहदेव मूळचे मालवणकडचे, उमेदीची वर्षं गिरणीत गेलेली. ते बोलत बसणारे नव्हते. गावी पाऊस सरला की अंगणात माटव घालतात, म्हणजे बांबूंवर झावळ्यांचं छप्पर, आणि अख्खा उन्हाळा त्याच्या सावलीत निघतो. सहदेवांनी बांबू आणि हिरवी जाळी आणली आणि आपल्या खोलीच्या बरोबर वर, गच्चीत, माटव उभा केला. त्या दुपारी विमला कितीतरी दिवसांनी शांत झोपली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माटवाचे बांबू गच्चीच्या कोपऱ्यात पडलेले होते. भागवतांनी तो उतरवायला लावला होता.

निलेश तरातरा पहिल्या मजल्यावर गेला. आता भागवत माणूस वाईट होता असं नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. कुणाच्या अडीनडीला, कुणाच्या मयताला ते गेले नाहीत असं कधी झालं नाही. पण नियम म्हटला की त्यांचे कान बंद व्हायचे. गच्ची सगळ्यांची आहे, एकाला दिलं की दहाजण मागतील, बिल्डिंगचं रूप बिघडतं, उद्या तक्रार झाली तर महापालिकेला उत्तर कोण देणार, असं सगळं त्यांनी एका दमात ऐकवलं. निलेशने आईचं सांगितलं, तेव्हा त्यांनी मोबाईल त्याच्यापुढे धरला.

"अरे, पस्तीस आहे आज. नागपूरला त्रेचाळीस. तिथली माणसं राहतातच ना?"

"काका, तिथे घाम वाळतो. इथे खाडीच्या हवेत तो अंगावरच राहतो. आईला तर कूसही बदलता येत नाही."

"कळतं रे मला. तू रीतसर अर्ज कर, पुढच्या मीटिंगमध्ये घेऊ."

पुढची मीटिंग पावसाळ्याच्या तोंडावर! निलेश ऑफिसातून अर्धी रजा टाकून महापालिकेच्या कचेरीत गेला. तिथे म्हणाले, आधी सोसायटीचं पत्र आणा. सोसायटी म्हणाली, आधी महापालिकेचं आणा. आपल्याकडे माणसाचा चेंडू कसा होतो ते बघायचं असेल तर एखादी साधी परवानगी मागून बघावी. निलेश चिडचिड करत घरी आला की सहदेव एवढंच म्हणायचे, "गावाक घराघराक माटव असता. हंय सावलेक पण परवानगी व्हयी?"

खिडकीला ओल्या चादरी बांधून झाल्या. गच्चीवर बादल्या ओतून झाल्या, तर पाणी वाया घालवता म्हणून तिसऱ्या मजल्यावरून बोलणी खावी लागली. आणि मग एका दुपारी ऑफिसात वडिलांचा फोन आला. आई विचित्र बोलत होती, नवऱ्याला भावाच्या नावाने हाक मारत होती. अंग तव्यासारखं तापलेलं आणि घामाचा टिपूस नाही.

उष्माघात होता. डॉक्टरांनी शर्थ केली म्हणून ती वाचली. पण घरी सोडायची वेळ जवळ आली तसं त्यांनी बजावलं, की त्या खोलीत हिला परत झोपवू नका, पुन्हा असं झालं तर हाताला लागणार नाही. मग झोपवायचं कुठे? गावी नेऊ म्हणून सहदेव हट्टाला पेटले, पण तेवढा प्रवास तिला झेपणारा नव्हता. स्वतःच्या आईला स्वतःच्या घरी नेता येत नाही, या विचाराने निलेश दवाखान्याच्या जिन्यात रागारागाने रडला.

भेटायला आलेल्या सुनंदाकाकूंनी त्याला तसं पाहिलं. सुनंदाकाकू म्हणजे भागवतांच्या पत्नी, आयुष्यभर शाळेत शिकवत आलेल्या, बोलायला फटकळ. विमलाचे कपडे आणायला त्या त्याच्याबरोबर चौथ्या मजल्यावर गेल्या. भर दुपार होती. कपाटातून दोन गाऊन काढेपर्यंत त्यांचं डोकं गरगरलं आणि त्या खाटेची कड धरून बसल्या. मग तशाच उठून खाली गेल्या, आणि जेवून आडवे झालेल्या नवऱ्याला उठवून वर घेऊन आल्या.

"पडा इथे," त्या खाटेकडे बोट दाखवून म्हणाल्या.

भागवतांना आधी थट्टा वाटली. बायकोचा चेहरा बघून ते मुकाट्याने पडले. थोड्याच वेळात शर्ट भिजला, श्वास जड झाला, ते कोपरावर उठू लागले.

"तिला उठता येत नाही," सुनंदाकाकू म्हणाल्या. "तुम्हीही पडून राहा आणि ऐका. दरवर्षी मे संपत आला की गळती नको म्हणून अख्ख्या गच्चीवर ताडपत्रीची शेड घालता. तेव्हा नाही बिल्डिंगचं रूप बिघडत? तेव्हा बरी मिळते परवानगी! भिंतीला ओल येऊ नये म्हणून एवढी धावाधाव, आणि माणूस भाजून निघालं तर अर्ज करा? पाऊस तेवढा संकट, आणि ऊन ज्याचं त्याचं नशीब? तुम्ही पहिल्या मजल्यावर बसून अंदाज पाठवता. तुमच्या डोक्यावर तीन घरांची सावली आहे. यांच्या डोक्यावर काय आहे?"

भागवतांनी बाहीने तोंडावरचा घाम पुसला. मग उठून बसले आणि खाली मान घालून म्हणाले, "निलेश, मला वाटलं, पस्तीस म्हणजे सगळीकडे पस्तीसच."

निलेशला 'असू दे, काका' म्हणावंसं वाटलं नाही, आणि तो म्हणालाही नाही.

पण त्यानंतर भागवत बसले नाहीत. ते स्वतः दारोदार फिरले, स्वतः महापालिकेत जाऊन उभे राहिले. वरच्या मजल्यावरच्या सगळ्याच घरांवर उंच बांबू रोवून छप्पर झालं, खालून वारं खेळेल असं. बाकीच्या गच्चीला पांढरा चुना फासला. इतके दिवस जे कुणालाच जमत नव्हतं, ते चुटकीसरशी जमलं. हे बघून निलेशला बरं वाटायच्या ऐवजी जास्तच राग आला.

विमला घरी आली. तिला यातलं काही सांगितलेलं नव्हतं. भागवत भेटायला आले तेव्हा तिने उजवा हात कपाळाला लावला आणि जड जिभेने म्हणाली, "तुमी सावली केलात. देव तुमचा बरा करो."

निलेश काहीतरी बोलणार, एवढ्यात भागवतच म्हणाले, "वहिनी, सावली तुमच्या नवऱ्याने केली होती. मी ती मोडली." आणि त्या म्हाताऱ्या माणसाचे डोळे भरून आले.

नागरिकहो, अंदाज सगळ्यांना एकच येतो, ऊन मात्र मजल्यामजल्याला वेगळं लागतं. 'काळजी घ्या' असं लिहून पाठवल्याने कुणाची काळजी घेतली जात नाही. त्यासाठी जिना चढून वर जावं लागतं. सावली ही कुणी कुणावर करायची मेहेरबानी नाही, ती पाण्याइतकीच माणसाच्या हक्काची आहे. विमलाबाई वाचल्या म्हणून भागवतांना आपली चूक कबूल तरी करता आली. आपलं शहाणपण दरवेळी रुग्णवाहिकेच्या मागून येत राहिलं, तर कबूल करायला समोर कुणी उरणार नाही.